तोंडावरचे किडे, लाइटचे पट्टे आणि उरलेल्या तीन सिटिंग

पत्र थोडक्यात असं आहे. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवर मिरचीचा जो पट्टा आहे तिथल्या एका खेड्यातून, आशा म्हणून गावात आरोग्याचं काम करणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय. वय 36. चार वर्षांपासून गाल आणि नाक तापल्यासारखं होतं, आग होते, वर बारीक पुरळ येतं. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली ती त्यांनी दीड वर्ष लावली, लावली की छान, सोडली की दुप्पट. मग शहरातल्या एका क्लिनिकमध्ये गालाचा नमुना घेऊन टीव्हीएवढ्या स्क्रीनवर हलणारे किडे दाखवले आणि 'लाइट मारली की हे मरतील' असं सांगून पाच सिटिंगचे 15,000 रुपये आधीच घेतले. पैसे बचत गटातून उचललेले. दुसऱ्या सिटिंगनंतर फोड आले, फोड बसले तिथं काळे चौकोनी पट्टे उरले, आणि पुरळ तर पहिल्यापेक्षा वाढलं. क्लिनिकवाले म्हणतात किडे मरताना असंच होतं, पुढच्या सिटिंगला सगळं निघून जाईल. तिसरी सिटिंग येत्या सोमवारी आहे. घरी सासूबाईंनी टॉवेल, उशी, साबण सगळं वेगळं केलंय, सहा वर्षांच्या मुलाला आईजवळ झोपू देत नाहीत. दीर म्हणतो बैलाच्या गोचिडाचं औषध तेच असतं, ते लाव. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताई एकाही घरी गेल्या नाहीत. वैशाखात भाचीचं लग्न आहे. त्यांचे प्रश्न तीन: सिटिंग पुऱ्या करू का, मुलाला किडे लागतील का, आणि मी इतकी स्वच्छ राहते तरी मलाच का?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या उशीपाशीच थांबले, म्हणून उत्तराची सुरुवातही तिथूनच करते, सिटिंगचं नंतर बोलू.

तुम्ही आशा आहात, खरूज काय असते हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. एका घरात एकाला झाली की सगळ्यांना औषध लावायला लावता, चादरी-कपडे गरम पाण्यात काढायला सांगता, कारण खरजेचा किडा कातडीत बोगदा करतो आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातो. किडे हा शब्द ऐकल्याबरोबर तुमच्या डोक्यात आणि सासूबाईंच्याही डोक्यात तीच खरूज आली असणार, आणि तिथूनच उशी वेगळी झाली. पण स्क्रीनवर जो दिसला तो खरजेचा किडा नाही. त्याचं नाव डेमोडेक्स. तो केसाच्या मुळाशी आणि तेलग्रंथीत राहतो, आपल्या कातडीचं तेल खातो, साधारण दोन आठवडे जगतो. मोठा असला तरी एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणं शक्यच नाही. आणि मोठ्या माणसांत तो जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडावर असतो. माझ्या, तुमच्या यजमानांच्या, ज्यांनी तुम्हाला तो दाखवला त्यांच्या, आणि सासूबाईंच्या तर नक्कीच, कारण वय वाढतं तसे ते वाढतात. 1841-42 मध्ये जर्मन डॉक्टरांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हापासून तो माणसाच्या कातडीचा भाडेकरू म्हणूनच माहीत आहे.

नोकरीत असताना मी काही वर्षं स्किन ओपीडीला नर्स होते आणि ही तपासणी शेकडो वेळा करताना पाहिलीय. काचेच्या पट्टीवर गोंदाचा एक थेंब टाकायचा, तोच तो चट्कन चिकटणारा, पट्टी गालावर मिनिटभर दाबून धरायची आणि हळूच उचलायची, तिच्याबरोबर केसांच्या मुळातला ऐवज वर येतो. वर तेलाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली धरलं की बारीक गाजरासारखं पारदर्शक काहीतरी दिसतं, डोक्याकडे आठ आखूड पायांचे ठोंब आणि मागे लांब शेपटीसारखं अंग. हळूहळू वळवळतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही रात्री झोप आली नाही, म्हणून तुमचं काय झालं असेल ते मला कळतं. पण ओपीडीत डॉक्टर किडा दिसला की नाही यावर ठरवत नसत, ते मोजत असत. एका चौरस सेंटिमीटरला पाचपेक्षा जास्त निघाले तर जास्त झालेत असं धरतात. तुम्हाला कुणी आकडा सांगितला का? पत्रात तर नाही. नुसता किडा दाखवणं म्हणजे कुणाच्याही डोक्यातला केस उपटून केस सापडला म्हणण्यासारखं आहे.

तेव्हा मुलाचं उत्तर असं. नुकत्या जन्मलेल्या बाळाला हे किडे नसतात, पुढे आई-बापाच्या, आजीच्या जवळिकीतून ते प्रत्येकाकडे येतात आणि गुपचूप राहतात. त्याने मुलाला तुमचा आजार होत नाही. टॉवेल वेगळा ठेवायला हरकत नाही, ती चांगलीच सवय आहे, पण मग सगळ्यांचाच वेगळा हवा, एकट्या तुमचा नाही. मुलाला आज रात्रीपासून जवळ घ्या. सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा, आणि तुमच्या तोंडून ऐकणं त्यांना जड जात असेल तर तुमच्या सिस्टरला किंवा उपकेंद्राच्या सीएचओ (आरोग्य अधिकारी) मॅडमना घरी एक चक्कर मारायला सांगा, कोटातल्या माणसाचं घरात जास्त चालतं हे आपण दोघींनी पाहिलेलं आहे.

आता मलाच का, या प्रश्नाकडे येते. या प्रश्नात तुम्ही एक गोष्ट गृहीत धरलीय की किडे म्हणजे घाण, आणि घाण म्हणजे माझी चूक. म्हणून तुम्ही दिवसातून सहा वेळा साबणाने तोंड धुता, वर कडुनिंबाचा पाला वाटून घासता, असं तुम्हीच लिहिलंय. ताई, हा अस्वच्छतेचा आजार नाही. तुम्ही जे वर्णन केलंय, गाल-नाक-कपाळ-हनुवटी, तापणं, आग, काळे तोंड नसलेलं पुरळ, चुलीपाशी आणि उन्हात वाढणं, त्यावरून तो रोझेशिया वाटतो. नक्की निदान समोर पाहूनच होतं, मी पत्रावरून शिक्का मारत नाही. रोझेशियात तोंडाच्या रक्तवाहिन्या आणि कातडीची प्रतिकारशक्ती दोन्ही चटकन बिथरतात. ऊन, उष्णता, तिखट, गरम चहा, ताण, साध्या गोष्टींनी रक्त तोंडाकडे धावतं, कातडी सुजते, आणि सुजलेल्या कातडीत हे किडे जास्त वाढलेले दिसतात. आधी किडे वाढतात मग कातडी बिथरते की उलट, हा वाद डॉक्टरांमध्ये अजून आहे, दोन्ही एकमेकांना हात देतात एवढं खरं. गोऱ्या कातडीवर लाली लांबून दिसते, आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर ती दबून जाते, म्हणून आपल्याकडे हा आजार वर्षानुवर्षं पिंपल्स, वांग, उन्हाचं, रक्ताचं अशा नावांनी फिरत राहतो. आणि गावात कुणीतरी तुमच्या नाकाकडे बघून 'घेते का वं हे' म्हणालं असं तुम्ही लिहिलंय त्याचंही सांगते, दारूने हा आजार चाळवतो पण दारूने तो होतो असं नाही, दारूला कधी हात न लावलेल्या कितीतरी बायकांना तो असतो.

पण माझं खरं लक्ष गेलं ते त्या ट्यूबकडे. लावली की छान, सोडली की दुप्पट, हे वाक्य मी नोकरीत इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की डोळे मिटून सांगू शकते त्यात काय होतं. तरी तुम्ही स्वतः बघा, ट्यूब घरात असेलच. बारीक अक्षरात बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. कधी त्यासोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असतं, तीच ती गोरं करणारी ट्यूब जी लग्नसराईत मेडिकलमधून हातोहात जाते. 2018 मध्ये सरकारने यातली बरीच मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम केला, पण आपल्या बाजाराच्या गावात चिठ्ठी कोण मागतं. स्टेरॉइड तोंडावर महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या फुगून दिसायला लागतात, आणि तिथली प्रतिकारशक्ती दबल्यामुळे हेच डेमोडेक्स मोकाट वाढतात. म्हणजे किडे वाढण्याचं एक मोठं कारण त्या ट्यूबमध्येच असू शकतं. आपल्या देशात हे इतकं झालंय की इथल्या त्वचारोग डॉक्टरांनी स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा असं वेगळं नावच याला दिलंय.

ती ट्यूब अजून अधूनमधून लावत असाल तर क्लिनिकच्या आधी हे मिटवायला हवं. फक्त एक लक्षात ठेवा, दीड वर्षाची सवय तुटते तेव्हा कातडी ओरडते, काही आठवडे आग, लाली, पुरळ सगळं उसळून येतं, आणि बाई घाबरून पुन्हा ट्यूबकडे वळते. ते उसळणं म्हणजे आजार वाढला असं नाही. पण ते एकटीने सोसू नका, डॉक्टर त्या काळात गोळ्या आणि स्टेरॉइड नसलेलं मलम देऊन ते बरंच हलकं करतात, कुणाचं एकदम बंद करतात तर कुणाचं हळूहळू उतरवतात.

आता लाइट. तुम्ही त्याला लेझर लिहिलंय, पण चौकोनी पट्टे उठले म्हणता त्यावरून ते बहुतेक आयपीएल, म्हणजे इंटेन्स पल्स्ड लाइट, असावं. लेझर एकाच लांबीच्या लहरीचा असतो, आयपीएलमध्ये साधारण 500 ते 1200 नॅनोमीटरच्या सगळ्या लहरी एकत्र, झगझगीत चमकतात, आणि त्याच्या हँडलला पुढे चौकोनी काच असते, ती जिथं टेकवली तिथं तसाच ठसा भाजतो. तुमच्या गालावरचे पट्टे म्हणजे त्या काचेचा छाप आहे. त्याला किडे मरण्याची खूण कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे, ती भाजल्याची खूण आहे.

हा लाइट रोझेशियात वापरतात ते खरंय, खोटं नाही सांगितलं त्यांनी. पण कशासाठी? फुगलेल्या रक्तवाहिन्यांसाठी, न जाणाऱ्या लालीसाठी. रक्तातला लाल रंग तो प्रकाश ओढून घेतो, तापतो, आणि वाहिनी आतून बंद होते. अडचण अशी की कातडीतला काळा रंगसुद्धा तोच प्रकाश ओढतो, आणि तो वरच्या थरात असल्याने आधी ओढतो. गोऱ्या माणसाच्या कातडीत प्रकाश सरळ खाली वाहिनीपर्यंत जातो, आपल्या कातडीत तो वरच अडतो आणि वरचाच थर भाजतो. त्यात तुम्ही घरोघर फिरणाऱ्या, रापलेला चेहरा. उन्हात काळवंडलेल्या कातडीवर आयपीएल मारूच नये, आधी काही आठवडे ऊन टाळायला लावावं, कानाजवळ एखाद्या ठिकाणी लहानसा टेस्ट पॅच करून वाट बघावी, ताकद कमी ठेवावी, थंडावा द्यावा, ही सगळी यातली बाराखडी आहे. सावळ्या कातडीसाठी काही लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित असतात, 1064 नॅनोमीटरचा लांब लहरीचा असतो त्याला काळा रंग कमी ओढतो, पण तोही जाणत्या हातातच.

किडे मरतात का? उष्णतेने काही मरतात, हे मायक्रोस्कोपखाली दिसलेलं आहे. पण मेलेले किडे केसाच्या मुळातच पडून राहतात, त्यांच्या अंगातला ऐवज तिथंच सुटतो आणि आधीच बिथरलेली कातडी त्याच्यावर तुटून पडते, लाइटनंतर काहींचं पुरळ भडकतं त्याचं एक कारण हे असावं असं मानतात. म्हणजे क्लिनिकवाले म्हणतात त्यात अर्धी गोष्ट खरी असू शकते. पण मग त्यातून निघणारा अर्थ नेमका उलटा होतो ना, की आधी मलमाने किडे आणि सूज खाली आणायची, कातडी शांत करायची, आणि लाइटचा विचार सगळ्यात शेवटी, तोही लाली उरलीच तर. भडकलेल्या, स्टेरॉइडने पातळ झालेल्या, वरून भाजलेल्या कातडीवर तिसऱ्यांदा तोच चटका देणं मला कुठल्याच हिशोबात बसत नाही.

पैशाचं तुम्ही लिहिलंय की अर्धवट सोडलं तर 15,000 पाण्यात गेले असं यजमान म्हणतात. मी त्यांचं दुःख हलकं घेत नाही, आशाच्या मानधनातून बचत गटाचा हप्ता फेडणं काय असतं ते मला ठाऊक आहे. पण दोन सिटिंगचे पैसे गेलेत ते तिसरी घेऊन परत येणार नाहीत, बुडत्याचा पाय खोलात जाईल एवढंच. उरलेल्या तीन सिटिंगचे पैसे मात्र मागता येतात. लेखी मागा, व्हॉट्सअपवर का होईना. सोबत तुमच्या तपासणीची आणि उपचाराची कागदं मागा, कोणतं मशीन, किती ताकद, कुणी चालवलं. तुम्ही मागितल्यापासून 72 तासांत डॉक्टरने नोंदी देणं वैद्यकीय परिषदेच्या नियमात आहे. मशीन कुणी चालवलं हे विचारायचं कारण असं की अशा ठिकाणी पाटी एकाची असते आणि हँडल धरणारी मुलगी पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगची असते, तुमच्याकडे तसं झालं असेलच असं नाही, पण विचारण्यात काही कमीपणा नाही. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. भांडायची ताकद आत्ता नसेल तर भांडू नका. पण पावती, मेसेज आणि चेहऱ्याचे फोटो जपून ठेवा. फोटो रोज नको, आठवड्याला एक, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला, पुढच्या डॉक्टरलाही ते फार कामी येतात.

दिराचं औषध. त्याचं अगदीच काही चुकीचं नाही, म्हणूनच जास्त भीती वाटते. बैलाच्या इंजेक्शनमध्ये आयव्हरमेक्टिन असतं आणि रोझेशियाच्या क्रीममध्येही आयव्हरमेक्टिनच असतं, इतकंच काय दोन्हीवर 1 टक्का लिहिलेलं असतं. पण जनावराचं ते सुईने कातडीखाली द्यायचं पातळ औषध, ते ज्या द्रवात विरघळवलेलं असतं तो तुमच्या भाजलेल्या गालावर ओतायचा नाही. आणि आयव्हरमेक्टिन तुम्हाला नवीन आहे का? नागपूर जिल्ह्यात 2019 पासून हत्तीरोगाच्या मोहिमेत तीन औषधं आली त्यातलं तिसरं हेच, उंचीची पट्टी लावून मोजून देता ते. गरोदर बाईला देत नाही, लहान लेकराला देत नाही, समोर गिळायला लावता, किती नियम. लोकांच्या बाबतीत एवढे नियम पाळणारी बाई स्वतःच्या तोंडाला गोठ्यातली बाटली लावणार नाही याची मला खात्री आहे. मोहिमेतल्या उरलेल्या गोळ्याही मनाने घेऊ नका.

मग करायचं काय. त्वचारोगाच्या डॉक्टरला दाखवा, एवढं नक्की, आणि त्यासाठी पुन्हा खाजगीत जायलाच पाहिजे असं नाही. नागपूरला मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत स्किनचा विभाग आहे, एम्स आहे, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. नागपूरची एसटी पकडायच्या आधी तुमच्याच उपकेंद्रातून ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन ओपीडीवर, स्किनच्या डॉक्टरशी बोलता आलं तर बघा, गावातल्या बायांना तुम्हीच त्यावर बसवता, एकदा स्वतः बसा. डॉक्टरला तीन गोष्टी न विचारता सांगा: ट्यूबचं नाव आणि किती दिवस लावली, लाइट कधी कधी घेतली, आणि पाळी चुकलीय का किंवा मूल हवंय का, कारण रोझेशियात देतात ती डॉक्सिसायक्लिनची गोळी गरोदरपणात चालत नाही. या गोळीने ऊनही जास्त लागतं, तुमच्यासारख्या फिरणाऱ्या बाईला हे आधी माहीत हवं. मलमात आयव्हरमेक्टिन 1 टक्का, मेट्रोनिडाझोल, अझेलिक ॲसिड ही नावं ऐकू येतील. यातलं कुठलंही आठ दिवसांत चमत्कार करत नाही, दोन-तीन महिने धरून चाला, सुरुवातीचे काही दिवस थोडं भडकूही शकतं. आणि हा आजार मुळासकट जातो असं कुणी म्हणालं तर तिथून उठा, तो काबूत राहतो, चांगला राहतो, पण अधूनमधून डोकं वर काढतो.

डॉक्टरने दुसऱ्या दोन गोष्टींकडेही बघावं असं मला वाटतं. सांधे दुखणं, बारीक ताप, तोंडात फोड, केस गळणं असं काही सोबत असेल तर ल्युपसची, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराची, रक्ततपासणी लागते, तोही गालावरच लाली आणतो. आणि आपल्या भागात कुष्ठरोगाच्या शोधमोहिमा तुम्ही स्वतः करता, तेव्हा बधिर चट्टा आहे का, कानाची पाळी जाड झाली का हे आरशात एकदा बघून घ्या, मनातली शंका मनात ठेवू नका. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतंय, पापण्यांच्या मुळाशी कोंडा चिकटतोय, तर तेही सांगा, रोझेशिया डोळ्यांतही उतरतो. उजेड सहन होत नाही किंवा धुसर दिसतंय असं झालं तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर. लाइट मारताना तुमच्या डोळ्यांवर नीट झाकण होतं का हेही आठवून सांगा.

डॉक्टरकडे जाईपर्यंत घरी जेवढं कमी कराल तेवढं चांगलं. तोंड दिवसातून दोनदाच, साध्या गार पाण्याने, साबणाची वडी नको, लागलंच तर सौम्य फेसवॉश. कडुनिंब, लिंबू, टूथपेस्ट, बेसन, कोरफड, सगळं बंद. खपली धरली असेल तर ओढू नका, तिच्यावर पातळ व्हॅसलीन पुरतं. काळे पट्टे बहुतेकांचे फिके होतात पण महिने लागतात, कधी वर्षही, आणि ऊन लागत राहिलं तर तेवढंही लांबतं. म्हणून सकाळी झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, एसपीएफ 30 च्या वरचं, बिनवासाचं. खर्च आहे, जाणते. तोंडासाठी पैसे घालवायचेच असतील तर बाकी सगळं सोडून या एकाच ट्यूबवर घालवा.

तुमचं काम थांबवून चालणार नाही हे धरूनच पुढचं सांगते. गृहभेटी होतील तेवढ्या सकाळी दहाच्या आत उरका, छत्री वापरा, लाज वाटत असेल तर पोषण आहाराचं पोस्टर छत्रीला बांधा म्हणजे कामाचीच वाटेल. तोंडाला स्कार्फ बांधता तो सुती आणि सैल, नायलॉनचा आवळून बांधला तर आतल्या आत तोंड वाफाळतं. चुलीवर भाकर टाकताना समोर वाकून बसण्यापेक्षा बाजूला बसा, ओला रुमाल जवळ ठेवा, तोंड तापलं की नुसता टेकवायचा, घासायचा नाही. चहा सोडा म्हणत नाही, बशीत ओतून निववून प्या. मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या-निवडायच्या जागी, देठं खुडायला जाणं निदान हे दोन-तीन महिने तरी टाळा, उन्हात मिरचीची धूळ तोंडावर बसते, यापेक्षा वाईट जागा तुमच्या तोंडासाठी मला सुचत नाही. आणि तिखट-रस्सा सगळ्यांनाच चाळवतो असंही नाही, म्हणून आधीच अन्न तोडू नका. तुम्ही एवढी रजिस्टरं भरता, एकाच्या मागच्या पानावर महिनाभर लिहा, आज काय खाल्लं, कुठं फिरले, तोंड कधी तापलं. ज्याने तापतं तेच सोडा.

लग्नाचं राहिलं. वैशाखाच्या आत पट्टे पूर्ण जातील असं मी म्हणत नाही, पण तोवर आग आणि पुरळ बरंच बसलेलं असू शकतं. लग्नाआधी फेशियल नाही, ब्लीच नाही, पार्लरमधली कुठलीही चमकवायची वस्तू नाही. हळदीच्या दिवशी बायका तोंडाला हळद फासायला येतील तेव्हा हात पुढे करा, पाय पुढे करा, भाचीला आधीच सांगून ठेवा म्हणजे तीच सांभाळेल. पण जा. संक्रांतीला तुम्ही घरात बसलात ते मला खूप लागलं. गावातल्या प्रत्येक घरात बाळंतिणीच्या खाटेपर्यंत जाणारी बाई वाणाला गेली नाही म्हणजे गावालाच चुकल्यासारखं झालं असणार. कुणी विचारलंच, काय झालं वं तोंडाले, तर भाजलं म्हणून सांगा, ते खरंच आहे.

आणि सोमवारी क्लिनिकला जायचं नाही. आज उद्यातच फोन करून येत नाही म्हणून कळवा, समजावत बसले तर ऐकून घ्या आणि फोन ठेवा, आणि सोमवारसाठी जो गाडीभाड्याचा पैसा बाजूला काढला असेल तो घेऊन स्किन ओपीडीचा दिवस विचारून तिकडे निघा. ट्यूब पिशवीत टाकायला विसरू नका, रिकामी असली तरी.